आबांचा फोटो खाली गेला

मोबाईलवर दोन रकाने शेजारी मावत नाहीत; उजवा डाव्याच्या खाली जातो. क्लासमध्ये हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पान आधी मोबाईलवर बघा, मग पाठवा, असं सरांनी घसा कोरडा करून सांगितलं होतं. मी बघितलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

मी निमगाव केतकीची. पदवी झाली तशी वडिलांनी स्थळं बघायला घेतली. मला वेब डिझाइन शिकायचं होतं, त्यासाठी रोज एसटीनं बारामतीला जायचं होतं. घरात कडाक्याचं भांडण झालं. तेव्हा माझे थोरले चुलते, आमचे आबा, मध्ये पडले. "सहा महिनं थांब," ते वडिलांना म्हणाले. "पोरगी काय करती ते बघू. न्हाय जमलं तर मला इचार." आबांचा शब्द वडील मोडत नाहीत. पण माझी एसटी जरा उशिरा आली की ते दारात उभेच.

पाचव्या महिन्यात भावाचं लग्न ठरलं. म्हटलं, पत्रिकेचं पान मीच करते, कळू दे सगळ्यांना. क्लासच्या मोठ्या स्क्रीनवर दोन रकाने केले. डाव्यात वडिलांचा फोटो, त्याखाली मुहूर्त, पत्ता, जेवणाची वेळ. उजव्यात आबांचा फोटो, त्याखाली बाकीची नावं. फोटोत आबा डावीकडं बघत होते, म्हणून ते उजवीकडं. दोघं भाऊ समोरासमोर छान दिसत होते. मी स्वतःवरच खूश!

बस्त्याच्या दिवशी सकाळी वडिलांनी त्या पानाची लिंक भावकीच्या ग्रुपवर टाकली. दहा मिनिटांत कुणीतरी लिहिलं, "आबांना कुठं शोधायचं? जेवणाच्या खाली?" मी मोबाईल उघडला आणि तोंडचं पाणी पळालं. वर वडील, पडदाभर. मग मुहूर्त, पत्ता, जेवण. आणि घरातला थोरला माणूस पार खाली! आमच्याकडं पत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

जीप दारात उभी होती. नवरीकडची माणसं बारामतीला कापडाच्या दुकानात पोचली होती आणि आबांचा पत्ता नव्हता. थोरल्याशिवाय बस्त्याला कोण हात लावणार? वडिलांनी माझ्याकडं असं बघितलं की मी अनवाणीच आबांच्या घराकडं पळाले. दुरुस्ती क्लासच्या कॉम्प्युटरवरच होणार होती, आणि क्लास उघडणार दहाला.

आबा गोठ्यात होते, अंगात नुसती बंडी.

"आबा, चुकलं माझं. मुद्दाम न्हाय केलं."

"पाठवायच्या आदी मोबाईलवर बघितलं व्हतंस?"

"न्हाय."

"शिकवलं न्हाय का तुला?"

"शिकवलंय."

ते म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "लागलं मला, खोटं कशाला बोलू? पण त्ये मी गिळीन. तुझ्या बापाला शब्द दिलाय मी. आता तो इचारंल, आबा, हेच शिकली का? काय सांगू त्याला?"

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आबा शर्ट घालून जीपपाशी आले. वडील तयारच होते. "आबा, आजपास्नं हिचा क्लास बंद. चारचौघांत लाज घालवली हिनं."

"कशाला बंद?" आबा पुढच्या सीटवर बसले. "मीच सांगितलं व्हतं तिला. नवरदेवाचा बाप वर पायजे, मला खाली टाक म्हणून. ग्रुपवर बी तसंच लिव."

वडिलांनी मुकाट्यानं लिहिलं. मी मागं चढले आणि जीप बारामतीला निघाली. आबा खोटं बोलतायत, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं मला. पण सांगितलं असतं तर क्लास गेला असता, म्हणून तोंड शिवून बसले. स्वतःची अशी लाज मला कधीच वाटली नव्हती.

क्लासच्या कोपऱ्यावर आबांनी जीप थांबवली. "तुझी येळ झाली. उतर."

वर जाऊन मी पान उघडलं. दुरुस्ती एका ओळीची होती. ती केली असती तर आबा सगळ्या भावकीत खोटे पडले असते. लग्न होईपर्यंत त्यांचा फोटो मी तसाच खाली ठेवला.