चार दोषांचा पाईप

मधु केतकर पाईपांचं काम करतात, एवढंच त्यांच्या नातेवाइकांना ठाऊक होतं. त्यामुळे कुणाच्याही न्हाणीघरात गळती लागली की पहिला फोन डोंबिवलीला त्यांच्याकडे येई. "अहो, मी तेलविहिरींचे पाईप तपासतो, जमिनीत खोल उतरणारे," असं ते समजावून सांगत. समोरचा शांतपणे ऐकून घेई आणि विचारी, "मग उद्या किती वाजता येताय?" त्यांच्या पत्नी हेमाताई म्हणत, "जाऊन या हो, वॉशर तर बदलायचाय." आणि केतकर जात.

कल्याणजवळ मोहने गावाच्या पुढे पाईपांचं एक यार्ड आहे. तिथे त्यांनी उभी हयात पाईप तपासण्यात घालवली. जाडी मोजायची, टोकांच्या आट्यांवर मापाचा गेज फिरवायचा, अंगावर केसाएवढी चीर असली तरी हुडकायची. ही सवय घरीही सुटत नसे. भाचीच्या साखरपुड्यात मुलाकडच्यांनी चांदीचा तांब्या दिला, तेव्हा केतकरांनी त्याला टिचकी मारली, कान लावला आणि भर मांडवात सांगितलं, "बूड पातळ आहे." लग्न झालं, पण पंगतीत त्यांना पार हात धुवायच्या जागेपाशी बसवलं.

एवढा चोखंदळ माणूस, पण त्यांचा जीव होता एका खराब पाईपावर. साधारण दोन पुरुष लांबीचा तो तुकडा. त्यात केतकरांनी स्वतः, मुद्दाम, मापून चार दोष पाडले होते: बाहेरून दोन खाचा, आतून एक आणि एक आरपार बारीक भोक. रोज तपासणीचं यंत्र सुरू केलं की आधी त्यावरून हा पाईप जायचा. यंत्राने चारही दोष दाखवले, तरच बाकीच्या पाईपांबद्दल त्याचं म्हणणं ऐकायचं.

निवृत्तीआधीची त्यांची शेवटची मोठी खेप तपासायला तेल कंपनीच्या अंतरा मॅडम यायच्या होत्या. त्या दिवशी सकाळी केतकर यार्डात शिरले, तर पाईपाची जागा रिकामी आणि झाडून लख्ख.

"सलिल, माझा पाईप?"

सलिल त्यांचा सहायक. मॅडम येणार म्हणून त्याने आदल्या दिवशी सगळं यार्ड आवरलं होतं. "तो भंगारात दिला, सर."

"भंगारात?"

"त्यावर तांबड्या रंगाने तुम्हीच लिहिलंय ना, 'दोष'. चार ठिकाणी. बाण पण काढलेत."

केतकर खुर्ची न बघताच खाली बसले. पाईप नाही, म्हणजे यंत्र लावता येणार नाही. यंत्र नाही, म्हणजे खेप पास नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत शेवटचा शेरा 'काम अपुरं' असा पडणार.

दोघे टेंपो घेऊन विठ्ठलवाडीच्या भंगारवाल्याकडे धावले. तो म्हणाला, "तो होय? खाडीवरचा दामाजी कोळी घेऊन गेला की काल."

खाडीकाठी दामाजीच्या दारात दोन खांबांवर तो पाईप आडवा टाकलेला होता आणि त्यावर ओलं जाळं पसरलं होतं. पाईप घरंगळू नये म्हणून भोकात तार ओवून खांबाला बांधली होती. केतकरांनी पुढे होऊन टिचकी मारली आणि कान लावला.

"कोन रं यो?" दामाजीची बायको मनुबाई बाहेर आली. "माज्या पाईपाला कान लावून काय ऐकतंय?"

"बाई, हा आमचा पाईप आहे. चुकून गेला. तुम्हाला याच्याहून चांगला देतो."

"चांगला देताव आन यो नेताव? यो कसा हाय मंग?"

"खराब आहे. चार दोष आहेत त्यात. मीच पाडलेत."

मनुबाईने सलिलकडे बघितलं. "याचं डोकं बरं हाय ना?"

केतकरांनी घाम पुसला आणि यंत्र, खाचा, मॅडम, सगळं पहिल्यापासून सांगितलं. मनुबाईने मन लावून ऐकलं.

"कललं," ती म्हणाली. "आमचे घरान नवी सून आली का मी तिला पयला दामाजीच्या हाताखाली देतंव. याचं ऐब मना सगलं म्हाईत हान. तिला ते दिसलं, त समजाचा पोरीचं डोलं बरं हान."

"माजं काय ऐब?" जाळं शिवत बसलेला दामाजी म्हणाला.

"तू गप. यांचं चारच हान."

पाईप द्यायला ती तयार झाली, पण जाळ्याचं काय? आधीचा बांबू मोडला होता. दोरी बांधून बघितली, तर मधे झोल पडून जाळं चिखलाला टेकायला लागलं. शेवटी ठरलं ते असं: सलिलने टेंपोतून पाईप न्यायचा, यंत्र लावायचं, येताना दुसरा पाईप आणायचा, आणि तोवर दोरीचा झोल केतकरांनी वर धरून उभं राहायचं.

"अहो, पण यंत्र मी लावतो! याने एकट्याने कधी लावलेलं नाही!"

"पोऱ्याला ठेवला त तो पलून जाल. तुमी पलनार नाय, तुमचं गुडघं सांगतान."

टेंपो गेला. केतकर दोन्ही हात वर करून उन्हात उभे राहिले. जाळ्यातलं पाणी एकेका थेंबाने त्यांच्या इस्त्रीच्या शर्टात उतरत होतं. येणारेजाणारे थांबून विचारत, "काय केलान यानी?" दामाजी सांगे, "आमचा पाईप नेलान, मंग त्याचे जागी उबा हाय."

बऱ्याच वेळाने केतकरांच्या खिशातला फोन वाजला. तो मनुबाईनेच काढून त्यांच्या कानाला लावला.

"सर, तीनच दिसतायत!" सलिलचा आवाज रडवेला झाला होता. "मॅडम बघतायत. यंत्र नापास म्हणून लिहू का म्हणतायत."

"कुठला दिसत नाही?"

"बाहेरचा. दुसरा."

"पाईप पुसलास?"

पलीकडून फडकं घासल्याचा आवाज आला. मग सलिल हळूच म्हणाला, "माशाचं खवलं चिकटलंय, सर. बरोबर खाचेवर."

"काढ. पुन्हा लाव."

केतकरांनी डोळे मिटले. मनुबाईने फोन धरून ठेवला होता. तीही आपला कान जवळ आणून ऐकत होती. फोनमधून यंत्राची घरघर आली आणि थांबली.

"चार! सर, चारी दिसले! मॅडम म्हणतायत, खेप सुरू करा. आणि पाईपाला वास कसला येतोय, असं विचारतायत."

"सांग, सुकटीचा!" केतकर ओरडले. उडी मारावी असं त्यांना फार वाटलं, पण हातात जाळं होतं, म्हणून ते जागच्या जागी टाचांवर उंच होऊन खाली आले. "बाई, चारी दोष दिसले!"

मनुबाई दामाजीकडे वळली. "बग. ऐब दिसलं त मानूस कवरा खुश झालाय. मी तुजं ऐब काडलं का तू जेवत नाय."

दामाजीने सुईतला दोरा दाताने तोडला. "मंग मना बी टेंपोन घालून पाठवाचा व्हता."