भरलेल्या खुर्च्या

मी मारेगावकडचा बिछायतवाला. मांडव, सतरंज्या, खुर्च्या, भोंगे, सारं माह्यापाशी. लगन असो की तेरवी, पाहुण्याच्या आधी माहा ट्रक दारात. तेरवीचा मांडव मी फुकट टाकतो, बापापासूनची रीत हाय ती. त्याच्यातूनच लोकाइनं मले एकदा पंचायत समितीत निवडून देलं, अन् माहं डोकं फिरलं. मले जिल्हा परिषद दिसाले लागली.

बायको नाही म्हणे. तिले भेव एकच. "आता तेरवीत तुमी आपला माणूस म्हणून जाता. मंग लोक म्हणतीन, आला मत मांगाले." मले रागच आला. बिछायतवाल्यानं जलमभर दुसऱ्याचेच मंच बांधाव का? राह्यलो उभा.

सभा अशा झाल्या का इचारू नका. ऐन कापूस वेचाईचे दिवस, माणसानं वावरातून घरी याव कधी अन् सभेले याव कधी, तरी मांडव गच्च. मंचावरून पाह्यलं तं एक खुर्ची खाली नाही. घरी येऊन बायकोले म्हणो, तुले राजकारणातलं काय समजते?

अन् मी सपाटून हरलो.

मले काही उमजेच ना. ज्याले इचारो तो म्हणे, भाऊ, आमच्या घरची सारी मतं तुमालेच. मंग न देणारे राहतात कुठं? मशीनवर शंका घेतली. चुलतभावावर घेतली, त्याच्याशी बोलणंच टाकलं. तो बिचारा आजही मले पाहून तोंड फिरवते. रिकामा बसलो का डोक्यात तेच, एवढी माणसं आलती अन् मतं गेली कुठं?

मंग बाभुळगावले दुसऱ्याच पक्षाची सभा लागली. मांडव माहाच. मी ट्रकमांगं चहा पीत उभा होतो. गर्दी अर्धीही नाही. माह्या जुन्या गड्यानं एकदा सारीकडं नजर फिरवली अन् बाकीच्याइले खूण केली. त्याइनं मांगच्या रांगा उचलल्या, बाजूच्या कापडाची कनात आत सरकवली. पाच मिनिटात मांडव गच्च. ही तरकीब मीच शिकवलती त्याइले. पुढाऱ्याले खाली खुर्ची दिसली का तो बिछायतवाल्यावरच उखडते.

चहा हातात तसाच राह्यला. गड्याले बाजूले घेतलं अन् इचारलं, माह्या सभाइतही हेच केलं का?

तो हात पुसत म्हणे, "मालक, मंचावरच्याले खाली खुर्ची दिसू द्याची नाही, तुमीच सांगतलं. मंचावर तं तुमी होते."

शिवी द्याव तं कोणाले? माही मलेच लाज वाटली. चुलतभावाकडं जाव का, गेलो तं त्याले काय सांगाव, अजूनही सुचत नाही.

मागच्या हप्त्यात एका म्हाताऱ्याच्या तेरवीचा मांडव टाकाले गेलतो. त्या म्हाताऱ्याच्या मांडीवर लहानपणी मी खेळलो. म्हणून गड्याइच्या भरवशावर न राहता सोता ट्रकातून बांबू-बल्ल्या उतरवत होतो. त्याचा पोरगा जवळ आला. रडून डोळे सुजलेले. मले हळूच म्हणे, "भाऊ, आता कोणती निवडणूक हाय?"