पेन ड्राइव्हमधली शिदोरी

आमच्या भंडारा जिल्ह्यातला माणूस कुठंही निघाला तरी घरचे तांदूळ सोबत घेतो. लेक शिकायला जावो की जावई नोकरीवर रुजू होवो, एसटीच्या सीटखाली तांदळाची एक चुंगडी असतेच. तिथं तांदूळ मिळत नाहीत असं नाही. पण परक्या गावच्या दुकानावर भरवसा ठेवणं आम्हाला जमत नाही. माझी फजिती झाली ती याच सवयीपायी.

मी भंडाऱ्याला खोली करून कॉम्प्युटर शिकले होते. नागपूरच्या एका छोट्या कंपनीनं नोकरीला बोलावलं होतं आणि मी घरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी हो की नाही ते कळवायचं होतं. बाबांना माझं काम म्हणजे काय हेच उमगत नव्हतं. धानाच्या बांधीत दिवसभर राबणारा माणूस. बसून बोटं हलवण्याला काम म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती. "एकडाव काहीतरी करून दाखव मले," ते म्हणाले, "मंग नागपूरचं पाहू."

दाखवायला माझ्याकडे होतं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, एका दिवसाची जत्राच. दुकानं, पाहुणे, दंडारीचे नाच. कोणत्या गावची मंडई कोणत्या दिवशी, ते सांगणारी साइट मी केली होती. प्रत्येक गावाचं पान वेगळं लिहायला नको म्हणून एकच साचा, म्हणजे टेम्प्लेट, आणि तो चालवणारी, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतली एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. पवनीजवळच्या आमच्या गावात नेटचा काही नेम नसायचा. म्हणून खोलीतल्या कॉम्प्युटरवर बसवलेलं सगळंच्या सगळं, लायब्ररीसकट, पेन ड्राइव्हवर भरून घरी आणलं.

दुपारी घरच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बाबांना शेजारी बसवलं, झोकात कमांड दिली आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली: लायब्ररी सापडत नाही. फोल्डर उघडलं, तर आत दिसत होती. पुन्हा बसवायला गेले, तर उत्तर आलं, आधीच बसवलेली आहे. साइट चालवली, तर पुन्हा सापडत नाही. कीबोर्ड आपटावासा वाटला. बाबांनी बराच वेळ वाट पाहिली आणि बैलांना पाणी दाखवायला उठले. एखादा टोमणा मारला असता तरी चाललं असतं.

मग मी हट्टानं एकेक ओळ वाचत बसले. तू नक्की कुठला पायथन चालवतोयस, हे कॉम्प्युटरलाच विचारलं आणि उत्तर पाहून हसू फुटलं. घरच्या कॉम्प्युटरवर दोन पायथन होते. लायब्ररी एकात बसत होती आणि साइट दुसऱ्यातून चालत होती. शिवाय मी वाहून आणलेल्या फोल्डरमध्ये जिथं तिथं भंडाऱ्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचा पत्ता. ते फोल्डर असं उचलून न्यायचंच नसतं, नव्या जागी नव्यानं तयार करायचं असतं.

हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. हातातलं सूप थांबवून ती म्हणाली, "काहून वो, तांदूळ बांधून घरीच आणलेस काय?"

आणलेलं लायब्ररीचं फोल्डर पुसून टाकलं. रेंज यावी म्हणून मोबाइल खिडकीत ठेवला, त्यावरून नेट घेतलं आणि साइट ज्या पायथनवर चालत होती त्यातच लायब्ररी नव्यानं बसवली. साइट सुरू झाली. एकेका गावाचं पान पटापट उघडायला लागलं तशी मी अंगणात जाऊन एकटीच नाचले.

बाबा दंडारीच्या तालमीला निघाले होते. त्यांना हाताला धरून आत आणलं. आमच्या गावाचं पान त्यांनी सावकाश वाचलं. मग दुसरं गाव, तिसरं गाव असं करत आजूबाजूची सगळी गावं मला उघडायला लावली. एका गावची तारीख चुकली होती, त्यावरून रागावलेही. मला त्या रागावण्याचा कोण आनंद झाला. ज्याला ते काम समजत नाहीत, त्यात बाबा चुका काढत नाहीत.

तिथंच उभं राहून त्यांनी चिखला गावी राहणाऱ्या आत्याला फोन लावला. आमच्या मंडईचा दिवस सांगितला आणि म्हणाले, "जराशी आधीच ये तू. पोरगी नागपूरले जाऊन राहिली नोकरीवर. मंग भेट होते का नाही."

मला त्यांनी अजून काहीच सांगितलं नव्हतं. फोन खिशात टाकून ते तालमीला गेले, आणि मी सकाळची वाट न पाहता नागपूरला होकार कळवून टाकला.