इलाही डॉक्टरांचा मऊ भात

आज वहीत पोथीतली ओवी उतरवायला बसले होते, पण मन लागेना. इलाही डॉक्टरांविषयीच लिहिते. डोक्यात जो गुंता झालाय तो कागदावर तरी सुटतो का बघू.

डॉक्टर मूळचे शिरूरचे, पण दवाखाना आमच्या दौंडात, स्टेशनाबाहेर. आमच्या आळीत कुणी तापानं पडलं की आधी कपाळाला खंडोबाचा भंडारा, मग इलाही डॉक्टर. मुदतीच्या तापात, म्हणजे टायफॉइडात, त्यांचा हुकूम एकच. ताप उतरेपर्यंत अन्नाचा कण द्यायचा नाही. साखरेचं पाणी, मोसंब्याचा रस, बस्स. "आतड्याला जखमा असतात. घास गेला की आतडं फाटेल," असं ते दटावून सांगायचे. वासानं रोग्याची भूक चाळवू नये म्हणून त्या घरात फोडणीसुद्धा बंद. आम्ही ते इतकं पाळलं, की कुणाच्या घरातून फोडणीचा वास यायचा थांबला की बाया विचारायच्या, "कोण पडलं गं?" आणि वास परत आला की बघायला धावायच्या.

माझे दीर ज्योतिबा याच पथ्यानं उठून बसले. शेजारच्या सोजराबाईचा हरिबा मात्र गेला. शेवटी शेवटी भाकरी मागत होता लेकरू. तिनं डॉक्टरांचा शब्द मोडला नाही.

यंदा डॉक्टर दर रविवारी गाडीनं पुण्याला जायला लागले. जुन्या डॉक्टरांना नवीन शिकवायचा वर्ग निघालाय म्हणे. डोकं पांढरं झालेला माणूस वर्गात बसतो, याचं सगळ्या गावाला कोडं. माझ्या सासूबाई साळूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, त्या डॉक्टरांना तोंडावर म्हणाल्या, "काय वो डागदर, नापास झाला व्हता का काय? या वयात साळंत घातलंय ते!"

डॉक्टर हसले. "मावशी, मी पास झालो खरा, पण रोगांना ते कुणी कळवलंच नाही."

आत्याबाईंना यात काय समजलं कोण जाणे. मला तर काहीच समजलं नाही.

आणि मग माझी लेक म्हाळसाच तापानं पडली. आमचे हे रेल्वेत, ड्यूटीवर गेलेले. डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबून बघितलं, मुदतीचाच ताप म्हणाले. नव्या निघालेल्या गोळ्या दिल्या आणि पिशवी उचलता उचलता म्हणाले, "वहिनी, पोरीला जेवायला घाला. मऊ भात, दूध, वरणाचं पाणी. थोडं थोडं, पण घाला."

मला वाटलं, चुकून बोलले. "उपाशी ठेवायचं ना?"

"नाही. घालायचं."

ते गेल्यावर आत्याबाई कडाडल्या, "पुण्याच्या पान्यानं बिगडला त्यो! माझा ज्योतिबा उपाशी ऱ्हायला म्हून वाचला. एक घास दिलास तर बघ."

मी काय करावं? कालचे डॉक्टर खरे म्हणावं तर आजचे खोटे, आणि माणूस तर एकच. शेवटी देवापुढं कौल लावला. मूर्तीच्या दोन बाजूंना दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर जेवण, डावं पडलं तर उपास. पडली ती दोन्ही एकदमच.

संध्याकाळी डॉक्टर आले तर भात तसाच झाकलेला. मी कौलाचं सांगितलं. वाटलं, रागावतील. ते पाट ओढून बसले. "म्हणजे न कळणारे आपण तिघं झालो."

"देवाला कशाला आपल्यात वढता?" आत्याबाई आतून ओरडल्या.

"बरं, दोघं. वहिनी, जेवणाच्या वेळी मी रोज येतो. माझ्यासमोर भरवा. काही वाईट झालं तर आळीला सांगा, इलाहीनं केलं."

तसं ते येत राहिले. मी भरवायची, ते पोरीचं मनगट धरून तिच्या पोटाकडं बघत बसायचे. एकदा मी विचारलंच, "तुम्हांला तरी खात्री आहे का?"

"वर्गात होती," ते म्हणाले.

म्हाळसाला पाणचट वरणाचा वीट आला. डॉक्टर म्हणाले, द्या जिऱ्याची बारीकशी फोडणी. मी दिली. वास शेजारी गेला आणि सोजराबाई हसत धावत आली. "उतरला का गं ताप?"

पोरगी तापानं लाल, डॉक्टर शेजारी, माझ्या हातात वरणभात. सोजराबाई दारातच थांबली. वाटीकडं बघून म्हणाली,

"डागदर, मग माझ्या हरिबाला का न्हाई?"

डॉक्टर उठून उभे राहिले. या गोळ्या तेव्हा मिळत नव्हत्या, एवढं तरी त्यांना सांगता आलं असतं. पण ते म्हणाले, "तेव्हा मला ठाऊक नव्हतं, सोजराताई."

"आन् आता ठाऊक हाय?"

भरवता भरवता माझा हात थांबला होता. सोजराबाईनं पदर तोंडाला लावला, मग म्हणाली, "घाल की गं. निवंल त्यो भात."

म्हाळसाचा ताप उतरला. काल चुलीपाशी बसून तिनं अर्धी भाकरी खाल्ली. आत्याबाई म्हणतात, भंडाऱ्यानं उतरला. सोजराबाई रोज शेळीचं दूध आणून देते, पण डॉक्टर दिसले की घरात जाते.

आज रविवार. डॉक्टर पुन्हा पुण्याला गेले. मी देवापुढं बसले तर काय मागावं तेच सुचेना. त्यांना आणखी शिकव म्हणावं, तर आणखी कुणा सोजराबाईसमोर त्यांना तसं उभं राहावं लागेल. शिकवू नको म्हणावं, तर माझी म्हाळसा चुलीपाशी बसलेली दिसते. नुसताच भंडारा वाहिला, आणि आमटीला फोडणी द्यायला उठले. देताना सोजराबाईच्या बाजूचं दार आधी लोटून घेतलं.