वारं शे म्हनी

हे मी माझ्या मालकांनाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — कुणास ठाऊक! तुम्ही माझ्या वहिनीला ओळखत नव्हता, म्हणून जीभ रेटते तरी.

आमच्या पारोळ्याच्या गल्लीत इंग्रजी शिकलेली मुलगी मी एकटीच. धुळ्याला मामाकडे राहून तीन इयत्ता काय शिकले, नाक वर करून चालायची मेली! वहिनीला मात्र माझं कोण कौतुक. आमच्या ताई गोऱ्या मडमेशी बोलतील, म्हणायची.

तिचं तान्हं सारखं रडायचं, पाय पोटाशी घेऊन. माय, वहिनी आणि मी त्याला धुळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टर मडमेनं त्याच्या पोटावर बोटं वाजवली, हसली, म्हणाली — विंडी. मग भराभर बरंच बोलली, स्वतःच्या खांद्यावर थोपटून दाखवलं. मला तेवढा एकच शब्द कळला. मास्तरांनी घोकून घेतला होता ना — विंडी, वाऱ्याचा.

"काय म्हनी वं मडम?" मायनं विचारलं.

"वारं शे म्हनी."

आता सांगा, बाळाला वारं आहे म्हटल्यावर आपल्याकडे बाया काय समजतात? बाहेरचं वारं, बाधा. दोघींचे चेहरे उतरले. पण मडम तर हसत होती — बाधेचं कुणी हसत सांगतं का? मला खटकलं. तेव्हाच खटकलं, खोटं कशाला बोलू? पण पुन्हा विचारायचं म्हणजे कळलं नाही असं होतं. नाही विचारलं.

मायनं भगत आणला. त्यानं तापल्या विळ्यानं बाळाच्या पोटावर डाग दिले. वहिनी धावली, तेव्हा तिचे हात — मीच धरून ठेवले होते. डाग चिघळले. बाळ गेलं.

मग माय म्हणू लागली, वहिनीच त्याला घेऊन तिन्हीसांजेला नदीकाठी उभी राहिली, तिथंच वारं लागलं. सगळं घर तेच म्हणू लागलं. हळूहळू वहिनीसुद्धा.

पुढे जळगावला माझं पहिलं मूल तसंच रडलं. वहिनीच आली होती बाळंतपण करायला. नर्सबाई म्हणाली, काही नाही हो, पोटात वायू धरलाय. आणि तिनंही खांद्यावर थोपटून दाखवलं. अगदी तसंच. वहिनीनं पोराला खांद्यावर घेतलं, त्याला ढेकर आली, ते झोपलं.

मला सगळं कळलं. मडमेचं विंडी ते हेच.

वहिनी त्याला थोपटत राहिली. म्हणाली, माझ्या बाळाला मात्र मीच वाऱ्यात नेलं, नाही का हो ताई?

मी म्हणाले, "हो वहिनी."