सारजाबाईनं दिवाळीत घर विकलं

निघोज्यात घर विकायचं म्हणजे सुतक पाळल्यासारखं विकायची रीत होती. दाराला तोरण नाही, भिंतीला चुना नाही, अंगणात रांगोळी नाही. विकणाऱ्यानं मान खाली घालायची आणि घेणाऱ्यानं खाकरत आत यायचं. सारजाबाईला यातलं एकही जमलं नाही. जमणार कसं? बाईला मुळात वाईटच वाटत नव्हतं!

वय चाळिशीचं, नवरा भिमाजी जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. हाताला मात्र अशी चव, की गावातल्या प्रत्येक लग्नात आमटीला फोडणी तिचीच. पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला आणि साताऱ्याकडची, बीडकडची पोरं तिथं कामाला आली. ती पोरं रात्री चुरमुऱ्यावर भागवतात, असं तिनं चाकणच्या बाजारात ऐकलं आणि बाईची झोपच उडाली. आठ दिवसांत पिंपरी कॅम्पामागं दोन खोल्यांची पत्र्याची जागा हेरून ती परत आली. तिथं खानावळ काढायची! जागेचा मालक म्हणाला होता, "दिवाळीच्या पाडव्यापर्यंत थांबतो. पुढं मी दुसऱ्याला विकणार." म्हणजे पाडव्याच्या आत निघोज्याचं घर विकलं तरच खानावळ, नाहीतर बसा गावच्या आमटीला फोडण्या देत.

गिऱ्हाईक मिळालं ते महाळुंग्याचे तात्याबा. भावाभावांच्या वाटण्या झाल्यामुळं त्यांनाही घराची निकड होती. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी येतो, पसंत पडलं तर जागेवर इसार देतो, असा त्यांचा निरोप आला.

झालं, सारजाबाईच्या अंगात वारं शिरलं. सत्तावन्न सालच्या त्या दिवाळीत अख्ख्या गावात तिच्याइतकं नटलेलं घर नव्हतं. भिंतींना चुना दिला, भुई सारवली, झेंडूचं तोरण बांधलं, अंगणभर रांगोळी घातली. शेजारच्या आक्काबाईनं कपाळाला हात लावला.

"अगं, ईकायच्या घराला कुनी येवढं नटवतं व्हय?"

"मग नवरी दाखवायची ती काय मळक्या लुगड्यात दाखवू?" सारजाबाई म्हणाली.

लक्ष्मीपूजनाची दुपार आली. पाहुण्यांसाठी सारजाबाई आत भजी तळत होती आणि कान दाराकडं होते. ऊन कललं तरी तात्याबांचा पत्ता नाही. तेवढ्यात आक्काबाई डोकावली आणि अगदी सहज म्हणाली, "महाळुंग्याचं पाव्हणं आलतं की मगाशी. तोरण बगितलं, रांगोळी बगितली आन् गाडी माघारी फिरवली."

"आन् मला आत्ता सांगतीस?"

सारजाबाईनं कढई उतरवली, पदर खोचला आणि बेसनाच्या हातांनी ती गाडीवाटेनं पळत सुटली. खोल्या गेल्या, खानावळ गेली, एवढंच तिच्या डोक्यात होतं. नशीब, ओढ्यावर बैल पाण्याला थांबले होते.

"तात्याबा! अवो, न बोलता माघारी का निघालात?"

तात्याबा ओशाळले. "तोरण दिसलं, वाटलं, तुमचं मन फिरलं. सणाच्या दिशी बाईमानसाला घर सोड म्हनायला जीभ रेटंना बगा."

सारजाबाईला हसू आवरेना. धाप आणि हसू एकदमच.

"तुमच्याच मानसांसाठी सारवलंय वो! त्यांनी मळक्या घरात का पाय ठेवायचा? चला, भजी गार व्हत्यात."

दिवे लागायच्या आत घर पसंत पडलं, इसार झाला, कागदही लिहून झाला.

पाडव्याला सकाळीच तात्याबा आणि त्यांची बायको शालनबाई संसार घेऊन आले. सारजाबाईची पातेली, पाटा-वरवंटा, परात सगळं दुसऱ्या गाडीत चढलं होतं आणि ती गाडीवानाला घाई करत होती. संध्याकाळी पिंपरीत पोरं जेवायला यायची होती! शालनबाईला मात्र भरून आलं. तिनं सारजाबाईचा हात धरला.

"इतकी वर्सं नांदलात हितं. जीव तुटत आसंल, न्हाई का वो?"

"जीव कशाला तुटंल, बाई?" सारजाबाई चाकावर पाय देऊन वर चढली. "ल्हानपनी बापाचं घर सारवलं, मंग सासऱ्याचं, मंग नवऱ्याचं. त्यो जाऊन सा वर्सं झाली, तरी गाव ह्येला भिमाजीचं घर म्हंतंय. आज पयल्यांदा मी माज्या घरी चाललेय!"

गाडी खडखडत वळणाआड गेली. शालनबाईनं दारावरचं झेंडूचं तोरण सारखं केलं. मग वळून तिनं नवऱ्याला विचारलं, "अवो, ह्ये घर कुनाच्या नावावर केलंय?"