विंगेतून येणारे बिरादार सर

तालमीत कोणी वाक्य विसरलं, की बिरादार सर प्रॉम्प्टिंग करू द्यायचे नाहीत. चपला काढून स्वतःच विंगेतून रंगमंचावर शिरायचे. कधी पोस्टमन होऊन, कधी उसनी साखर मागणारा शेजारी होऊन. एका ऐतिहासिक नाटकात तर ते वीजबिलवाले होऊन आले. आम्ही हसून लोळायचो, तेवढ्यात अडकलेल्याला वाक्य आठवायचं. "स्टेजवर माणूस अडकला की त्याला एकटं सोडायचं न्हाई," सर म्हणायचे. "सोडतो तो नट न्हाई, बघ्या हाय."

निलंग्याचा हा माणूस लातूरच्या आमच्या कॉलेजात नाट्यशास्त्र शिकवायचा. पीएच.डी.साठी ते गाइड म्हणून मिळाले, तेव्हा उमरीला सासरी पेढे वाटले गेले. विषय होता सोंगी भारूड. कोर्सवर्क झालं, सहामाही अहवाल झाले, लेख छापून झाले आणि तिसऱ्या प्रकरणाशी गाडी अडली. सोंग घेणाऱ्याच्या अंगात काय होतं, ते मला लिहिताच येईना. सरांनी माझी पानं बाजूला सारली. "आंब्याखाली बसून आंबा कसा लागतो ते लिहायलीस का गं? तोंडात घाल की! स्वतः सोंग घे."

भारूडवाल्यांचे म्होरके मल्लप्पामामा तयारच नव्हते. "बाईमाणसानं आसूड वढायचा? लोकं आमाला काय म्हणतील?" सरांनीच फोन करून त्यांना पटवलं. शिरूर अनंतपाळच्या जत्रेत मी कडकलक्ष्मी झाले, स्वतःच्या अंगावर आसूड ओढला. दंडावरचे वळ महिनाभर राहिले. सासरे त्याहून जास्त दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण प्रकरण झालं. ते वाचून सरांनी डोळे पुसले. "डिग्री याच्यावर द्यायला पायजे. बाकीचं नुसतं बाइंडिंग हाय."

प्रबंध दाखल करण्याआधीचं सादरीकरण नांदेडला विद्यापीठात होतं. समितीचे अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "संशोधकच सोंग घ्यायला लागला तर तटस्थपणा कुठं राहिला? कुणाच्या सल्ल्यानं केलंत हे?" मी अडकले. सरांचं नाव मी घ्यावं, की त्यांनीच सांगावं? तेवढ्यात पहिल्या रांगेत खुर्ची सरकली. सर उठले होते. माझा जीव भांड्यात पडला.

"मी हिला तेव्हाच सांगितलं होतं, सर," बिरादार सर अगदी शुद्ध भाषेत म्हणाले. "हे शास्त्रात बसत नाही म्हणून. हिनं ऐकलं नाही."

सरांना विभागप्रमुखपद देणं त्याच अध्यक्षांच्या हातात होतं, हे मला नंतर कळलं. कळून काय उपयोग? प्रकरण काढून टाकावं लागलं. परतीच्या एस.टी.त सर शेजारी येऊन बसले आणि भुईमुगाच्या शेंगा पुढे केल्या. "खा गं. एका प्रकरणाचं काय घेऊन बसलीस? डिग्री तर मिळायलीय." त्या शेंगा मी घेतल्या, याचाही मला राग येतो. ते घाबरले, एवढं मी समजून घेतलं असतं. त्यांनी मला चारचौघांत खोटं पाडलं, ते काही केल्या मनातून जात नाही.

शेवटची मौखिक परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. मल्लप्पामामांना मीच बोलावलं होतं. ते मागच्या रांगेत फेटा सावरत बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी प्रबंध मिटला. "सगळं नीटनेटकं आहे. पण सोंग घेणाऱ्याच्या अंगात काय होतं, ते कुठंच नाही. तुम्ही स्वतः कधी घेऊन पाहिलं नाही?"

माझी नजर सरांकडे गेली. पुन्हा पहिल्या रांगेत खुर्ची सरकली. आता विभागप्रमुख झालेले सर हसत उठले. "मॅडम, त्याचं असं आहे..."

"सर, बसा," मी म्हणाले. "मला आठवतंय."

सर बसले. मग मी जत्रेपासून सगळं सांगितलं. आधी फोन कुणी केला होता, तेही सांगितलं.

"हाव, आला हुता फोन," मागून मल्लप्पामामा मोठ्यानं म्हणाले.

डिग्री मिळाली. सरांकडे पेढे घेऊन मी गेले नाही. तालमीत अडकले की नजर मात्र अजून विंगेकडेच जाते.